रोज पंधरा मिनिटं मागे

घड्याळांच्या त्या दुकानात शिरलं की किती वाजले ते कळत नाही, हा तिथला जुना विनोद. भिंतीवर चाळीसेक घड्याळं आणि प्रत्येकाचं स्वतंत्र मत. एकाचं म्हणणं सव्वानऊ, शेजारच्याचं पावणेचार. कोपऱ्यातलं थोराड लाकडी घड्याळ मध्येच खाकरायचं, बारा ठोके द्यायचं आणि पुन्हा डुलकी घ्यायचं. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाला वेळेची सक्ती नसते, ते नुसतं चालतंय की नाही एवढंच बघायचं असतं. दुपारचं ऊन खिडकीतून तिरपं आत यायचं, त्यात धुळीचे कण आरामात तरंगत राहायचे, आणि खिडकीखालच्या टेबलाशी, उजव्या डोळ्यात भिंग अडकवून, एक बारीक चणीची बाई वाकून बसलेली असायची. तिला सगळे चिमटी म्हणायचे.

नाव मालकांनी पाडलेलं. एकोणिसाव्या वर्षी ती वडिलांचं मनगटी घड्याळ घेऊन दुकानात आली होती. मालकांच्या हातून एक स्क्रू निसटला, तिळाच्या निम्मा. मालक गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होते, आणि हिने टेबलावरचा चिमटा घेऊन तो त्यांच्या शर्टाच्या खिशाच्या शिवणीतून अलगद उचलला. "उद्यापासून येतेस का?" मालक तिथल्या तिथे म्हणाले. त्याला आता बारा वर्षं झाली. तिचा नवराही तिला याच टेबलाशी भेटला. न्हावीकाम करणारा, बडबड्या, आपल्या दुकानातलं बंद घड्याळ काखेत मारून आलेला.

"कधी मिळेल?" त्याने विचारलं होतं.

"बरं झालं की."

"म्हणजे कधी?"

"ते त्यालाच विचारा. मी नुसती पाणी पाजणारी."

तो त्या घड्याळाची चौकशी करायला अकरा वेळा आला. घड्याळ तिसऱ्या दिवशीच बरं झालं होतं.

सात महिन्यांपूर्वी त्यांना मुलगी झाली. घरात तिला पिल्लू म्हणतात. पण त्या नऊ महिन्यांत चिमटीवर जे आलं ते कुणाला फारसं दिसलं नाही, कारण पोट सगळ्यांना दिसतं, बोटं कोण बघतो? सहाव्या महिन्यात तिची बोटं फुगली. सकाळी उठली की हात दुसऱ्याच कुणाचे वाटायचे, मुंग्या आलेले, जाड. भिंगातून स्क्रू टपोरा दिसायचा, चिमटा त्याच्यापर्यंत पोचायचा आणि मध्येच काहीतरी हरवायचं. एक बाई येऊन आईचं नाजूक घड्याळ देऊन गेली होती. त्याची केसाएवढी स्प्रिंग चिमटीच्या हातून वाकली. त्या दिवशी ती भिंग काढून घरी गेली आणि बाळंत होईपर्यंत परत आलीच नाही. शेवटी पोट फाडून मूल काढावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, निदान दोन वर्षं तरी दुसरं नको, टाके पुरते भरू देत. बोटं परत आपली वाटायला तर पाच महिने लागले.

म्हणून ती गोळी घ्यायची. दवाखान्यातल्या सिस्टरने दिलेली, पाजणाऱ्या आयांना चालते ती, एकाच हार्मोनची. पाकिटात अठ्ठावीस, मध्ये सुट्टी नाही. "एक वेळ धर," सिस्टर म्हणाली होती. "तीन तासांच्या पलीकडे उशीर नको." चिमटीने दहाची वेळ धरली. दहाला मालकांचा चहा यायचा, चहाबरोबर गोळी. काही लक्षात ठेवायला नको.

मग मालकांना मोतीबिंदू झाला. ते ऑपरेशनसाठी महिनाभर मुलीकडे गेले आणि चहा थांबला. ते गेले त्या सोमवारीच एक म्हातारे गृहस्थ पक्ष्याचं घड्याळ घेऊन आले. लाकडी घरटं, खाली लोंबणारी वजनं, तास झाला की दार उघडून एक निळा पक्षी बाहेर यायचा आणि घसा बसल्यासारखं गायचा. तक्रार एकच, मागे पडतं. दुकानाचा नियम ठरलेला: असं घड्याळ आलं की तीस दिवस त्याला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी वेळ लावून टांगून ठेवायचं, रोज आणखी किती मागे पडलं ते वहीत लिहायचं. एक दिवस पाच मिनिटं, दुसऱ्या दिवशी वीस असं होत असेल तर आजार आतला. रोज सारखंच मागे पडत असेल तर घड्याळ ठणठणीत, लंबकाचा स्क्रू दोन फेरे पिळला की काम झालं.

पक्षी रोज बरोबर पंधरा मिनिटं मागे पडायचा. चिमटी वहीत लिहायची: पंधरा. पंधरा. पंधरा. तिला ते फार आवडलं. दुकानात एकटीच असायची, चाळीस लंबकांची झुळझुळ ऐकत तिची तंद्री लागायची. असं वाटायचं, आपण एका संथ नदीच्या तळाशी बसलोय आणि वरून वेळ वाहतेय. त्यात पक्षी दहा वेळा ओरडला की ती डोळ्यातलं भिंग काढायची आणि गोळी घ्यायची.

पक्षी मागे आहे हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिने हिशेबच मांडला होता, घड्याळजीचा हिशेब. रोज पंधरा मिनिटं मागे म्हणजे दोन गोळ्यांमध्ये चोवीस तास आणि पंधरा मिनिटं. तीन तासांची मुभा आहे, पंधरा मिनिटांनी काय होतंय? सारखं मागे पडणारं घड्याळ विश्वासाचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिच्या हाडात होतं.

चार आठवड्यांनी, सोमवारीच, मालक परत आले. डोळ्यावर काळा चष्मा, हातात काठी. संध्याकाळचे पाच वाजत होते, रस्त्यावर शाळेची पोरं ओरडत चालली होती, आणि पक्ष्याने दार उघडून दहा वाजवले. चिमटीने भिंग काढलं, गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली.

"कसली गोळी?"

"दहाची."

"आता पाच वाजलेत."

"याचे दहा वाजलेत, काका. मी याच्यावर चालते. रोज पंधरा मागे, एक मिनिट इकडेतिकडे नाही. बघा वही."

मालकांनी वही डोळ्याजवळ नेली, लांब नेली, मग तिच्याच हातात दिली. "हुशार आहेस. चोवीस तास पंधरा मिनिटं. ठीक." ते खुर्चीत टेकले. काठीचं टोक फरशीवर हळूहळू आपटत राहिले. "आणि रविवारी?"

"रविवारी काय?"

"रविवारी दुकान बंद. पक्षी इथे, तू घरी. मग कुणाच्या दहाला घेतेस?"

"घरच्या."

"घरचं घड्याळ मागे पडतं?"

"माझ्या घरचं? काय बोलताय, काका."

बोलताबोलताच तिचा आवाज बारीक होत गेला. काल सकाळी दहाला, घरी. आज संध्याकाळी पाचला, इथे. भिंतीवरच्या लंबकांची झुळझुळ एकदम बंद पडल्यासारखी झाली. तिने बोटांवर मोजलं. एकतीस तास.

"थायरॉईडची गोळी आहे का?" मालकांनी विचारलं. "तसं असेल तर एक दिवस इकडेतिकडे..."

"नाही, थायरॉईडची नाही."

मालक बारा वर्षं तिला ओळखत होते. त्यांनी पुढे विचारलं नाही. "उद्या उशिरा आलीस तरी चालेल," एवढंच म्हणाले.

आता सोमवारचं सांगायला हवं. सोमवारी न्हाव्यांची सुट्टी. चिमटी सहाला घरी यायची तेव्हा नवऱ्याने स्वयंपाक केलेला असायचा, पिल्लूला खालच्या मजल्यावर राहणारी त्याची मोठी बहीण घेऊन जायची, आणि दोघांना दोन तास मिळायचे. आठवड्यातले तेवढेच. त्या सोमवारी मात्र तिने दारातच सांगितलं, "आज नाही. आणि बस, काहीतरी बोलायचंय."

नवऱ्याने ऐकलं. नेहमीचा बडबड्या माणूस, पण हातातला टॉवेल तीनदा घडी करून तीनदा उलगडला. "राहिलं असेल?"

"माहीत नाही. पाळी तर बाळंतपणापासून आलेली नाही, कळणार कशावरून?"

"आणि राहिलं असेल तर?"

तिने दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. त्याने ती बोटं एकेक करून दाबली, गिऱ्हाइकाच्या मानेच्या शिरा दाबतो तशी, अगदी सावकाश.

नणंद पिल्लूला घेऊन आली तेव्हा तिने दोघांची तोंडं बघूनच ताडलं. ती तीन मुलं वाढवून बसलेली, तिच्यापासून काही लपायचं नाही. "गोळ्या म्हणजे नसती भानगड," ती म्हणाली. "सगळ्या पोटात चिकटून बसतात. आणि पाळी येत नाही म्हणतेस, तर ते रक्त आत साठत असणार. जाणार कुठे?"

"मग काय करू, ताई? तांबी बसवू?"

"तांबी? अगं, आमच्या शेजारणीच्या बहिणीची तांबी चढत चढत काळजापर्यंत गेली."

"तुम्ही बघितलीत?"

"मी कशाला बघायला जाऊ? शेजारीण खोटं बोलेल का?"

मंगळवारी सकाळी चिमटी दवाखान्यात गेली. सिस्टर जाडजूड, शांत, चष्मा दोरीने गळ्यात लटकवलेली. तिने सगळं ऐकून घेतलं, पक्षीसुद्धा. हसली नाही, ओठ मात्र दाबून धरले.

"वीस वर्षं झाली मला," ती म्हणाली. "बायका गोळी विसरतात, हरवतात, सासूच्या भीतीने तांदळाच्या डब्यात लपवतात. पण पक्ष्याने चुकवलेली पहिलीच. बरं, एकेक सोमवार सांग."

दोघींनी कागदावर मांडलं. पहिले दोन सोमवार ठीक होते. तिसऱ्या सोमवारी मधे साडेसत्तावीस तास गेले होते, चौथ्या सोमवारी एकोणतीसच्या वर, आणि काल एकतीस.

"चोवीस आणि तीन, सत्तावीस. त्याच्या पुढे गेलं की गोळी चुकली असं धरायचं आणि पुढचे दोन दिवस कंडोम वापरायचा. काल?"

"काल लांब राहिलो."

"शहाणी आहेस. म्हणजे धोक्याचे सोमवार दोन, एक पंधरा दिवसांपूर्वीचा, एक आठ. पाच दिवसांच्या आत आली असतीस तर तातडीची गोळी होती, तांबीनेही भागलं असतं. आता तपासणी. आज एक करू, पण आजच्या 'नाही'वर पूर्ण भरवसा नको. शेवटच्या धोक्यापासून तीन आठवडे झाले की पक्कं कळतं. अजून दोन आठवडे."

आजचं उत्तर 'नाही' आलं. चिमटी ते घेऊन उठली नाही, बसूनच राहिली.

"अजून काही?"

"मला ती आतून बघायचीय."

"काय?"

"ही गोळी. काय करते आत? मी कुठलंही घड्याळ पाठ उघडल्याशिवाय हातात ठेवत नाही, आणि ही सहा महिने नुसतीच गिळतेय."

सिस्टरने चष्मा नाकावर चढवला. कपाटातून एक कापडी पिशवीसारखं काहीतरी काढलं. गुलाबी, आत कापूस भरलेलं, दोन बाजूंना दोन दोऱ्या. "माझ्या जुन्या उशीच्या अभ्र्यातून शिवलंय. हे गर्भाशय. खरं तुझ्या मुठीएवढं. या दोन दोऱ्या म्हणजे अंडं येण्याच्या नळ्या. हे खाली तोंड. तुझी गोळी या तोंडाशी चिकट जाड स्राव तयार करते. दारात मध सांडल्यासारखं, शुक्रजंतू त्यातच अडकतात. काही बायकांत अंडं सुटायचंही थांबतं, पण त्यावर विसंबायचं नाही. चोवीस तासांनी तो मध पातळ व्हायला लागतो. म्हणून तीन तास."

चिमटीने मान खाली घालून त्या कापडी तोंडाकडे बघितलं. बराच वेळ. खोलीत कुठेतरी नळ ठिबकत होता. तिला तिचं स्वतःचं पोट पहिल्यांदाच असं डोळ्यांपुढे आलं, अंधारं, ऊबदार, आपल्या चालीने चाललेलं, आणि त्याच्या दाराशी रोज सकाळी एक थेंब मध.

"आणि पाळी येत नाही, ते रक्त साठतं का?"

"कुणी सांगितलं?"

"नणंद."

"पाजतेस, वर ही गोळी. आतलं अस्तर जाड होतच नाही. जे तयारच झालं नाही ते साठणार कुठून? आणि गोळी पोटात चिकटत नाही, विरघळते. तेही नणंदच ना?"

"तांबी काळजात जाते असंही म्हणाल्या."

"गर्भाशयातून काळजात जायला वाट कुठेय?" सिस्टरने कापडी गर्भाशय उलटंसुलटं करून दाखवलं. "फार क्वचित, बसवताना भिंतीला टोचते. कधी आपोआप गळून पडते. म्हणून खाली दोरे सोडलेले असतात, बोटाने लागतात की नाही ते महिन्याला बघायचं." तिने ट्रेमधून एक तांबी, कॉपर-टी, काढून हातात दिली.

चिमटीने पर्समधून भिंग काढून डोळ्यात अडकवलं. प्लॅस्टिकचा टी, त्याच्या दांड्याला तांब्याची तार गुंडाळलेली. वेढे एकमेकांना चिकटून, कुठेही उडी नाही, कुठेही फट नाही.

"हातानं गुंडाळतात?"

"मशीनने असेल."

"मशीन चांगलं आहे," चिमटी म्हणाली.

"त्या तांब्याने शुक्रजंतू निकामी होतात. हार्मोन काही नाही. पण गोड गोड बोलणार नाही मी. पाळी सुरू झाली की पहिले काही महिने जास्त जाईल, कळाही येतील. हळूहळू बसतं. काहींचं नाही बसत, मग काढायची. इंजेक्शन घेतलंस तर तीन महिने डोक्याला ताप नाही, पण एकदा दिलं की परत काढता येत नाही. पाळीचं तंत्र बिघडतं, काहींचं वजन वाढतं, आणि थांबवल्यावर पुन्हा दिवस राहायला वर्षही जातं. दंडात बसवायची काडी आहे, तीन वर्षांची. अधूनमधून डाग पडत राहतात, कधी आठवडेच्या आठवडे. कंडोमने रोगापासूनही बचाव होतो, तेवढा बाकी कशाने होत नाही. तुला काय जमेल ते तुझं अंग सांगेल. आणि नवऱ्यालाही विचार. त्याचंही अंग आहे."

त्या दोन आठवड्यांत चिमटी दुकानात गेली, आली, पिल्लूला पाजलं, गोळी फोनच्या गजरावर घेतली, घरीदारी एकाच. पण ती कुठेच नव्हती. काम करताकरता हात थांबायचा आणि ती बोटांकडे बघत बसायची. सकाळी डोळे उघडायच्या आधी अंगठी फिरवून बघायची. सैल आहे. आज जरा घट्ट आहे का? नाही, सैलच आहे. कधी वाटायचं की आत कुणीतरी दाराशी उभं आहे, फार शांतपणे, नाव विचारायचं राहून गेलेलं. मग त्या कुणाचा राग यायचा नाही, आपलीच लाज वाटायची, आणि लाजेमागून पुन्हा ती वाकलेली स्प्रिंग आठवायची. पिल्लू मात्र खुशाल तिचा अंगठा तोंडात घालून चघळायची.

नवरा कंडोम आणायला गेला तर औषधवाला त्याचंच गिऱ्हाईक निघाला. "त्याने किती पाकिटं हवीत ते एवढ्या मोठ्याने विचारलं की रांगेतल्या मास्तरांनी मला अभिनंदन म्हटलं," तो म्हणाला. चिमटी त्या पंधरवड्यात तेव्हा एकदा पोटभर हसली.

मग तो जरा वेळाने म्हणाला, "मीच ऑपरेशन करून घेऊ का? सोपं असतं म्हणे."

"ते कायमचं असतं. तुला दुसरं नकोच का कधी?"

"हवंय की. पण तुझे हात..."

"मलाही हवंय. पिल्लू शाळेत जायला लागली की. तेव्हा बोटं सुजली तर सुजू देत, मी आधीपासून कामं आवरून ठेवीन. मला फक्त ते कधी, हे ठरवू दे."

"ठरव," तो म्हणाला. "मी येतो बरोबर."

दुसऱ्या तपासणीला तो आला. दवाखान्याच्या बाकावर पिल्लूला मांडीवर घेऊन बसला आणि शेजारच्या माणसाला न विचारता सांगू लागला की त्याचा भांग चुकीच्या बाजूला आहे. आत सिस्टरने पट्टी उचलली, उजेडात धरली, पुन्हा ठेवली.

"नाही. आता पक्कं नाही."

चिमटीने श्वास सोडला तो बराच वेळ सुटतच राहिला. डोळ्यांत पाणी आलं, तेही तिला लांबचं वाटलं. सिस्टरने तिला रडू दिलं. मग रक्त तपासलं, आत तपासलं, सगळं ठीक होतं. "काय ठरलं?"

"तांबी. पाळी जास्त जाईल ते कळलं. कळाही कळल्या. पण मला माझ्या अंगात काय चाललंय ते दिसतंय, ते बरं वाटतं."

"आजच बसवायची?"

"आज धीर आहे. उद्याचं सांगत नाही."

बसवताना ती मोजत राहिली. एक चिमटा, गार. मग खोल कुठेतरी मूठ आवळल्यासारखी कळ, कंबरेतून मांड्यांत उतरलेली. तिने सिस्टरच्या टेबलाची कड धरली. "अजून?" "झालं." "नक्की?" "दोरे कापतेय, हलू नकोस." तिला घाम फुटला होता. थोडा वेळ सिस्टरने तिला तशीच पडू दिलं, पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली, आणि बजावलं: ताप आला, घाण वास आला, दोरे लागेनासे झाले, तर ताबडतोब यायचं. एका महिन्याने एरवीही यायचंच.

बाहेर आली तेव्हा नवरा उठून उभा राहिला. "दुखतंय?"

"दुखतंय. गोळी दिलीय, तासाभरात उतरेल म्हणाली. नाही उतरलं तर शेकायचं."

"चालवेल?"

"सावकाश."

नणंद दवाखान्याच्या फाटकाशी उभी होती. कुणी बोलावलं नव्हतं तिला. तिने चिमटीला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं. "बसवलीस?"

"बसवली, ताई."

"कुठवर जाते म्हणाली?"

"जागेवरच राहते. तुम्ही या एकदा, सिस्टरने उशीच्या अभ्र्याचं गर्भाशय केलंय, बघायला देते."

"मला काय करायचंय आता बघून," नणंद म्हणाली. पण नवऱ्याच्या कडेवरून तिने पिल्लूला स्वतःकडे घेतलं, चिमटीचा दंड धरला आणि पावलाला पाऊल लावून चालू लागली. थोडं पुढे गेल्यावर, दुसरीकडे बघत, हळूच म्हणाली, "अभ्रा कुठल्या रंगाचा आहे?"